मुंबईच्या सुरूची कुळकथा

मुंबईच्या ख्रिस्ती घरांत नाताळचे झाड म्हणून जे पिढ्यान्पिढ्या उभे केले गेले, ते पुष्कळदा सुरूच्या झाडाची फांदी असे. गिरगावातील खोताची वाडी, भायखळ्याच्या गल्ल्या, दादरच्या पोर्तुगीज चर्चचा परिसर, सर्वत्र हीच रीत होती. डिसेंबरच्या मध्यावर फांदी घरी येई, जुन्या डब्यात किंवा कुंडीत वाळू व विटांचे तुकडे भरून ती रोवली जाई, तिच्यावर कापसाचे बर्फ आणि रंगीत कागदाच्या साखळ्या चढत, आणि वडीलधारी माणसे मुलांना सांगत की हा 'पाईन' होय. प्लास्टिकची घडीची झाडे क्रॉफर्ड मार्केटात मिळू लागल्यापासून ही रीत मागे पडली; परंतु पाईन हे नाव सुरूला चिकटले ते चिकटलेच.

हे नाव खरे नाही. सुरू हा पाईन नाही, पाईनचा दूरचा भाऊबंदही नाही. एवढेच सांगून विषय संपला असता, तर त्यासाठी त्रैमासिकाची पाने अडवण्याचे कारण नव्हते. परंतु झाडाला आपण जे नाव देतो, त्या नावाच्या डोळ्यांनीच पुढे त्याच्याकडे पाहतो. सुरूला या भूमीत तीन उसनी नावे मिळाली. प्रत्येक नावाने त्याला एक काम दिले आणि त्याच्या स्वभावाचा एक भाग झाकून टाकला. मुंबईच्या किनाऱ्यावर कोणती झाडे लावावीत हा प्रश्न आज पुन्हा उभा राहिला असताना या झाडाची कुळकथा एकदा सविस्तर पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम खऱ्या पाईनविषयी. पाईन हा अनावृतबीज वर्गातील सूचिपर्णी वृक्ष. त्याला फूल येत नाही, फळ धरत नाही. त्याचे बी शंकूच्या खवल्यांवर उघडेच वाढते. भारतात त्याचे नैसर्गिक घर म्हणजे हिमालय आणि ईशान्येकडील डोंगर. चीड, कैल, चिलगोजा आणि खासी टेकड्यांवरील पाईन ही त्यांतील मुख्य नावे. महाराष्ट्रात पाईनची एकही जात निसर्गतः उगवत नाही. सह्याद्रीच्या एवढ्या विस्तारात, अगदी दक्षिणेकडील टोकाजवळच्या अरण्यांत, सूचिपर्णी वर्गातील एकच देशी वृक्ष सापडतो आणि तोही पाईन नव्हे.

पाईनचा लौकिक आहे तो काटकपणाचा. चीड साधारणपणे ४५० ते २,३०० मीटर उंचीवर, उन्हाने भाजलेल्या दगडाळ उतारांवर उभा राहतो. त्याची साल जाड असते, तिच्यामुळे वणव्यातून तो पुष्कळदा वाचतो. त्याच्या सुया तीन-तीनच्या जुडग्यात असतात. त्यांचे कातडे चिवट, आणि बाष्प बाहेर सोडणारी पर्णरंध्रे पृष्ठभागाच्या खाली दडलेली. चिलगोजा तर याहून कोरड्या प्रदेशातला. हिमाचल प्रदेशातील किन्नौर भागात, जिथे मोसमी पाऊस जेमतेम पोहोचतो, तिथे तो वाढतो, आणि त्याच्या बिया सुक्या मेव्याच्या दुकानांतून मुंबईत विकल्या जातात. थोडक्या पाण्यावर दीर्घकाळ तग धरण्याची कला या वृक्षांनी लाखो वर्षांत साधली आहे.

मुंबईत हा वृक्ष आला, पण जिवंत आला नाही. तो आला फळी होऊन, राळ होऊन, टर्पेंटाइन होऊन. परदेशी माल ज्या हलक्या, पांढुरक्या लाकडाच्या पेट्यांतून येई, त्या लाकडाला मुंबईकराने सरसकट 'देवदार' म्हटले. लालबाग-परळच्या चाळींत 'देवदारी खोके' ही मोठ्या उपयोगाची वस्तू होती. त्याच्या फळ्यांची मांडणी होई, देव्हारा होई, पोरांच्या अभ्यासाचे मेज होई. खरा देवदार म्हणजे हिमालयातील सीडर. खोक्याचे लाकूड पुष्कळदा पाईनचे किंवा तत्सम दुसऱ्या एखाद्या वृक्षाचे. सारंगीच्या गजाला किंवा चर्चमधील व्हायोलिनला लावायची राळ हीदेखील पाईनचीच देणगी. अशा रीतीने गिरणगावातील माणसाच्या हाताला पाईन रोज लागत होता; फक्त त्याची सावली कधी कोणाच्या अंगावर पडली नाही.

याला हवामान जसे कारण, तसे आणखी एक कारण आहे. पाईनची मुळे जमिनीतील विशिष्ट बुरशीच्या साहचर्यानेच नीट पोसतात. उष्ण प्रदेशात पाईन लावण्याचे पहिले कित्येक प्रयत्न फसले, ते ही बुरशी तिथल्या मातीत नव्हती म्हणून. जुन्या पाईनखालची मूठभर माती बरोबर नेल्यावर रोपे जगू लागली. काटक म्हणून नावाजलेला वृक्षदेखील एकटा जगत नाही, हे इथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण सुरूच्या बाबतीतही हीच गोष्ट निराळ्या प्रकारे दिसते.

आता सुरूकडे वळू. सुरूची फांदी हातात घेऊन पाहिली तर हिरव्या, लवचीक, दोऱ्यासारख्या काड्या दिसतात. आपण त्यांना पाने समजतो. वस्तुतः त्या अतिशय बारीक डहाळ्या आहेत. एखादी काडी दोन्ही हातांनी हलकेच ओढली तर ती ठरावीक पेरावर सुटते. आणि त्या पेरावर भिंगातून पाहिले तर सहा ते आठ सूक्ष्म दातऱ्यांचे कडे दिसते. ते दाते म्हणजे सुरूची खरी पाने. पाण्याची उधळपट्टी पानांवाटे होते, म्हणून या झाडाने पाने जवळजवळ टाकूनच दिली आणि अन्न तयार करण्याचे काम डहाळ्यांवर सोपवले. त्या डहाळ्यांवर उभ्या खाचा असतात आणि पर्णरंध्रे त्या खाचांत लपलेली असतात, म्हणजे वारा त्यांच्यावरून थेट वाहत नाही आणि ओलावा टिकून राहतो. पाईनने सुई घडवली ती पानाची. सुरूने घडवली ती फांदीची. अडचण सारखीच, उत्तरही दिसायला सारखे. पण कुळे अगदी वेगळी.

कारण सुरू हा सपुष्प वृक्ष आहे. त्याची नरफुले डहाळ्यांच्या टोकांशी तपकिरी तुऱ्यांसारखी येतात, मादीफुलांचे बारीक तांबूस गोंडे फांद्यांवर धरतात, आणि परागाची ने-आण वारा करतो. पुढे त्या गोंड्याचे जे लहानसे लाकडी बोंड बनते, त्याला आपण पाईनचा शंकू समजतो. त्या बोंडाच्या चोची उघडल्या की प्रत्येकीतून एकबीजी, पंखाचे फळ बाहेर पडते. वनस्पतिशास्त्राच्या वंशावळीत सुरूची जागा पाईनपेक्षा ओक आणि बर्च या वृक्षांच्या अधिक जवळ आहे.

त्याच्या मुळांची हकीगत अधिक बोधप्रद आहे. सुरूच्या मुळांवर गाठी असतात आणि त्या गाठींत फ्रँकिया नावाचे सूक्ष्म जीव वस्ती करतात. हवेतील नत्र झाडाला पचेल अशा रूपात आणण्याचे काम हे जीव करतात. शेतकऱ्याला हरभरा, तूर, मूग यांच्या मुळांवरील गाठी ठाऊक असतात. तिथले जीव निराळे, काम तेच. म्हणून ज्या वाळूत खताचा अंशही नाही, तिथे सुरू जोमाने वाढतो. पहिल्या काही वर्षांत तर त्याची उंची झपाट्याने चढते. रोपवाटिकेत जुन्या सुरूखालची माती नव्या रोपांना देण्याची पद्धत आहे, ती याच कारणासाठी.

येथे वाचक विचारील की मुंबईसारख्या पावसाळी शहरात अवर्षणाचा प्रश्न येतोच कुठे? मुंबईत वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो हे खरे. परंतु तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने आकाश कोरडे असते. काळ्या मातीत हा पाऊस काही काळ मुरून राहतो. किनाऱ्यावरच्या वाळूत तो काही तासांत निचरून जातो. त्यात खारा वारा. किनाऱ्यावरचे झाड भर पावसाच्या प्रदेशात राहूनही वर्षाचे आठ महिने वाळवंटात राहते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. सुरूला हे जीवन मानवते, कारण त्याचे मूळ घर असेच आहे. आग्नेय आशियाचे किनारे, उत्तर ऑस्ट्रेलिया, प्रशांत महासागरातील बेटे ही त्याची मायभूमी. भारतात तो अंदमान-निकोबारच्या किनाऱ्यांवर निसर्गतः आढळतो. कोकणाच्या किनाऱ्यावर मात्र तो माणसाने आणला.

त्याच्या पहिल्या उसन्या नावाची गोष्ट फार्सी भाषेत सुरू होते. फार्सीत 'सर्व' म्हणजे सायप्रस. उंच, सडपातळ, सदाहरित वृक्ष. फार्सी काव्यात प्रिय व्यक्तीच्या बांध्याला या वृक्षाची उपमा देतात, आणि जरथुष्ट्री परंपरेत तर तो पवित्र वृक्ष मानला गेला आहे. हा शब्द हिंदुस्थानी भाषांत 'सरू' झाला, मराठीत 'सुरू' झाला. पुढे पूर्वेकडून हे नवे सडपातळ झाड आले तेव्हा लोकांनी ते तयार नाव त्याच्या गळ्यात घातले. मूळ सायप्रस इथे विरळा, म्हणून नावावर हक्क सांगायला कोणी आलेच नाही.

मराठी ख्रिस्ती वाचकाला या शब्दाची आणखी एक ओळख आहे. मराठी बायबलमध्ये लबानोनच्या सीडर वृक्षाला 'गंधसरू' म्हटले आहे. शलमोन राजाच्या मंदिरासाठी सोर नगरीच्या हिराम राजाने जे लाकूड पाठविले, त्यात हे गंधसरू होते आणि देवदारूही होते. यशया संदेष्ट्याच्या ४१व्या अध्यायात निर्जल रानात वृक्ष लावले जातील असे जे अभिवचन आहे, त्यातही गंधसरूचे नाव येते. पश्चिम आशियातील वृक्ष मराठी कानाला ओळखीचे व्हावेत म्हणून भाषांतरकारांनी जवळचे शब्द शोधले. त्यांत काही गैर नाही. भाषेचा संसार असाच चालतो. मात्र लबानोनचा गंधसरू, इराणचा सर्व आणि मालाड-मढच्या वाळूतील सुरू हे तीन अगदी वेगवेगळे वृक्ष आहेत, एवढे भान वाचकाने ठेवावे.

दुसरे नाव शास्त्रज्ञांनी दिले. सतराव्या शतकात गेऑर्ग रुम्फियस हा जन्माने जर्मन गृहस्थ डच कंपनीच्या चाकरीत अंबोन बेटावर राहत होता. १६७० साली त्याची दृष्टी गेली, तरी त्याने त्या बेटांतील वनस्पतींचे वर्णन करण्याचे काम सोडले नाही. त्याचा प्रचंड ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १७४१पासून प्रसिद्ध झाला. कॅशुअरीना हे नाव आपल्याला त्याच्याकडून मिळाले. कॅसोवरी हा त्या भागातील उडू न शकणारा मोठा पक्षी. त्याची लोंबती, केसांसारखी पिसे आणि सुरूच्या डहाळ्या यांतील साम्य मलायी भाषेतील नावात आधीच टिपलेले होते. १७५९ साली लिनीयसने त्याला 'इक्विसेटिफोलिया' हे उपपद जोडले. अश्वपुच्छ नावाच्या वनस्पतीसारखी पाने असलेला, असा त्याचा अर्थ. एक पक्षी आणि एक घोडा मिळून झाडाचे शास्त्रीय नाव तयार झाले.

भारतात या झाडाचा शास्त्रीय विचार करणाऱ्यांत विल्यम रॉक्सबर्ग अग्रणी. १७९३ ते १८१३ या काळात तो कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख होता. चित्तगाँगकडून आलेल्या सुरूचे वर्णन त्याने केले आहे. योगायोग असा की हिमालयातील चीड वृक्षाचे आजचे शास्त्रीय नाव 'पायनस रॉक्सबर्गाय' हे याच रॉक्सबर्गच्या स्मरणार्थ आहे. खरा पाईन आणि तथाकथित पाईन या एकाच माणसाच्या नावाजवळ येऊन थांबतात.

मुंबई बेटावर परदेशी झाडे आणून लावण्याचा उद्योग पश्चिम भारताच्या कृषी व उद्यान संस्थेने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हाती घेतला. या संस्थेची बाग परळ-लालबागच्या पूर्वेस, शिवडी येथे होती. तिची देखरेख जॉन ग्रॅहम यांच्याकडे होती. ते पेशाने टपाल खात्यातील अधिकारी. मुंबई व आसपासच्या वनस्पतींची त्यांनी केलेली यादी १८३९ साली प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षी खंडाळ्यास त्यांचा मृत्यू झाला. जोसेफ निम्मो यांनी ते काम पूर्णत्वास नेले. देशी झाडांबरोबर बागांत आणून लावलेल्या झाडांचीही नोंद तीत आहे. वाफेची जहाजे आणि वाढता व्यापार यांमुळे बियांच्या पुड्या बंदरोबंदर फिरत होत्या, तो हा काळ.

शिवडीच्या बागेचे पुढे काय झाले, हे आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना वेगळ्या नात्याने ठाऊक आहे. १८६५ साली, आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर असताना, त्या जागेवर ख्रिस्ती दफनभूमी झाली. गिरगाव-सोनापूरच्या वाळूतील जुनी दफनस्थळे अपुरी पडली होती आणि शहर त्यांच्याभोवती दाटले होते. संस्थेची बाग भायखळ्यास गेली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रियर यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. तीच व्हिक्टोरिया गार्डन, तीच राणीची बाग, आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. ज्या मातीत परदेशी रोपांना जगवण्याचे प्रयोग झाले, त्याच मातीत पुढे मुंबईच्या ख्रिस्ती समाजाच्या कित्येक पिढ्या विसावल्या.

सुरूचा खरा प्रसार मात्र बागेमुळे झाला नाही. तो जळणामुळे झाला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली आणि दहा-पंधरा वर्षांत लोहमार्गांचे जाळे देशभर पसरू लागले. इंजिनांना इंधन हवे होते, कोळसा महाग आणि दूर होता. सुरूचे लाकूड जड, घट्ट, आणि ओले असतानाही पेटणारे. मद्रास प्रांतात १८६०च्या दशकात रेल्वेच्या जळणासाठी किनाऱ्याच्या वाळूत सुरूची लागवड सुरू झाली. १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यात आला, आणि १८६८ साली त्या जिल्ह्यातील कारवार येथे सुरूची लागवड झाली. इलाख्याच्या दक्षिण टोकाला लागलेले हे झाड मग किनाऱ्याकिनाऱ्याने लोकांच्या परिचयाचे झाले. जळणाबरोबर वासे, बल्ल्या आणि कुंपणाचे खांब हाही त्याचा उपयोग. पुढे १९८०च्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या काळात वाळू थोपवणारे व वारा अडवणारे झाड म्हणून त्याला सरकारी पसंती मिळाली. आज कोकणात 'सुरूचे बन' म्हणून जे सहलीचे ठिकाण दाखवले जाते, ते बहुधा माणसाने ओळीत लावलेले असते.

मग दक्षिण आणि मध्य मुंबईत सुरू इतका कमी का? याचे उत्तर शहराच्या बांधणीत आहे. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ साली मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती आणि रुंद रस्ते ही त्याची कामगिरी. उन्हात चालणाऱ्या माणसाला सावली हवी होती, म्हणून रस्त्याच्या कडेला पसरट छत्रीची झाडे आली. शिवाजी पार्कभोवतीचे वर्षावृक्ष हे त्याचे ठळक उदाहरण. सुरूची सावली म्हणजे जाळीतून गाळलेले ऊन. गिरणी सुटल्यावर घरी परतणाऱ्या कामगाराला तिचा उपयोग नव्हता. सुरू वाळूकडे राहिला आणि शहरात आला तो नाताळपुरता, तोडलेल्या फांदीच्या रूपाने.

ही फांदी म्हणजे त्याच्या तिसऱ्या उसन्या नावाची गोष्ट. नाताळच्या झाडाची चाल मुळात जर्मन प्रदेशांतली. इंग्लंडात ती सर्वतोमुखी झाली ती १८४८ साली, जेव्हा राणी व्हिक्टोरिया व प्रिन्स अल्बर्ट यांच्या कुटुंबाचे सजवलेल्या झाडाभोवतीचे चित्र लंडनच्या सचित्र साप्ताहिकात छापून आले. तेथून ती साम्राज्याबरोबर हिंडली. कॅथलिक घरांचे मूळ वैभव गव्हाणीचे. झाड मागाहून आले. रोममध्ये सेंट पीटरच्या चौकात पहिले नाताळचे झाड उभे राहिले तेदेखील १९८२ साली, पोप जॉन पॉल दुसरे यांच्या कारकीर्दीत. मुंबईच्या ख्रिस्ती कुटुंबांनी इथल्या किनाऱ्यावर जे मिळाले ते घेतले आणि त्याला तिकडचे नाव दिले. या साधेपणाबद्दल आम्हांस आदरच वाटतो. ज्यांच्या खिशात परदेशी सजावटीला पैसे नव्हते, त्यांनी जवळच्या वाळूतली फांदी आणून सण साजरा केला.

धर्मगुरूच्या लेखणीला झाडाझुडपांची ही उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. त्याला उत्तर धोबीतलावला आहे. सेंट झेवियर्स कॉलेजात १९०३ साली आलेले एथेलबर्ट ब्लॅटर (१८७७-१९३४) हे स्विस येशूसंघीय. कॉलेजातील वनस्पतिसंग्रह १९०६ पासून उभा राहिला. आज तो ब्लॅटर हर्बेरियम या नावाने ओळखला जातो आणि त्यात सुमारे दोन लाख नमुने जपलेले आहेत. त्यांच्या मागून आलेले फादर सांतापाव (१९०३-१९७०) हे तर पुढे भारतीय वनस्पति सर्वेक्षण खात्याचे संचालक झाले. संग्रहातील प्रत्येक कागदावर एक वाळवलेली डहाळी, जागा, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव. दिसण्यावरून निवाडा करायचा नाही. फूल, फळ, बी तपासून मगच नाव लिहायचे, ही ती शिस्त. १९०५ साली ब्लॅटर यांनी मुंबई इलाख्यातील तिवरांवर निबंध प्रसिद्ध केला. शहर ज्याला चिखल म्हणून भरणी घालत होते, त्या चिखलात उभ्या असलेल्या देशी झाडांचे जीवनशास्त्र हा धर्मगुरू उलगडून दाखवत होता.

ही शिस्त सुरूला लावली तर त्याचे गुण दिसतात, तसे दोषही दिसतात. त्याच्या गळलेल्या डहाळ्यांचा जाड थर जमिनीवर साचतो आणि त्याखाली दुसरे रोप सहसा उगवत नाही. सुरूच्या बनात गवत, वेली, झुडपे विरळ, म्हणून पाखरे आणि कीटकही थोडे. त्याचे आयुष्य फार मोठे नाही. चाळीस-पन्नास वर्षांत तो थकतो. तोडल्यावर बुंध्यातून नवा फुटवा येणे त्याला कठीण जाते. एकाच वयाची, एकाच जातीची झाडे ओळीत असली की मोठ्या वादळात ती एकदम पडतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आदळले तेव्हा तिथल्या सुरूच्या बनांची मोठी हानी झाली. याउलट २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीत तामिळनाडूच्या काही गावांना सुरूच्या पट्ट्याने आडोसा दिला, असेही निरीक्षण नोंदवले गेले आहे. झाड वाईट नाही आणि तारणहारही नाही. ते कुठे, किती आणि कोणाच्या शेजारी लावले यावर सारे अवलंबून आहे.

भरतीरेषेच्या अगदी लगत सुरू लावला तर आणखी एक हानी होते. ऑलिव्ह रिडले जातीची कासविणी भरतीरेषेच्या वरच्या मोकळ्या वाळूत अंडी घालते. ती वाळू मुळांनी आणि पालापाचोळ्याने भरली की तिला जागा उरत नाही. हा प्रश्न रत्नागिरीच्या वेळास किनाऱ्यापुरता आहे असे समजू नये. मार्च २०१८मध्ये वेसाव्याच्या किनाऱ्यावर, म्हणजे प्रत्यक्ष मुंबई शहरात, या कासवाची पिले समुद्राकडे जाताना दिसली होती.

आणि येथे ही कुळकथा आजच्या प्रश्नाला येऊन भिडते. वरळीपासून गिरगाव चौपाटीच्या बाजूस मरीन ड्राइव्हपर्यंतचा सागरी किनारा रस्ता मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. समुद्रात भरणी घालून केलेल्या या कामात सुमारे ७० हेक्टर मोकळी, हिरवी जागा लोकांसाठी मिळणार असे सांगण्यात आले आहे. मुंबईच्या दाटीत एवढी नवी जमीन पुन्हा मिळणे कठीण. ती भरणीची, खाऱ्या वाऱ्याची, आठ महिने कोरडी राहणारी जमीन आहे. तिथे काय लावायचे? लवकर वाढते, पाणी मागत नाही, दिसायला 'परदेशी' वाटते, या तीन कारणांसाठी सुरूची किंवा कुंडीतल्या शोभिवंत झाडांची रांग लावून मोकळे होण्याचा मोह कोणालाही पडेल. शोभेचा मोह नावातून येतो. 'पाईन' म्हटले की थंड हवेचे ठिकाण डोळ्यांसमोर उभे राहते.

परंतु अवर्षण आणि खार सोसण्याची विद्या एकट्या सुरूपाशी नाही. आपल्या किनाऱ्याची स्वतःची झाडे ती शतकानुशतके जाणतात. उंडीचे चकचकीत जाड पान खारा वारा झेलते आणि खाली दाट सावली देते. करंज शेंगांच्या कुळातला, त्याच्याही मुळांवर नत्राच्या गाठी असतात. भेंड वाऱ्यात वाकतो. केवडा आपल्या आधारमुळांवर वाळूत पाय रोवून उभा राहतो. वाळूवर सरपटणाऱ्या वेलीला तर आपल्या लोकांनी नावच 'मर्यादवेल' असे दिले. समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथे ती सुरू होते आणि वाळू धरून ठेवते. हे नाव कोणाकडून उसने घेतलेले नाही. पाहून, राहून, ओळखून दिलेले आहे. शिवडीच्या खाडीत तिवरे अजून उभी आहेत, त्यांच्या पुढच्या चिखलात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. तिथे भरणी नको आणि सुरूही नको.

याचा अर्थ सुरूला हद्दपार करावे असा नाही. जिथे उघडी वाळू उडून घरांत व शेतांत जाते, जिथे दुसरे काही अजून तग धरत नाही, तिथे भरतीरेषेपासून अंतर राखून सुरूचा पट्टा लावावा. त्याच्या आडोशाला उंडी आणि करंज लावावेत. ती मोठी झाली की सुरू काढून त्याचे लाकूड वापरावे. पहिल्या फळीत उभे राहून मागच्यांसाठी जमीन तयार करणे हे त्याच्या स्वभावाला साजेसे काम आहे, आणि त्याच्या चाळीस-पन्नास वर्षांच्या आयुष्याला पुरेसे आहे.

आमच्या वाचकांकडे एक लहानशी मागणी आहे. जमिनीत वाढणारे एखादे सुरूचे झाड कधी जवळून पाहायला मिळाले, तर त्याची खाली गळलेली एक डहाळी उचलावी, पेरावर ओढून ती सोडवावी आणि त्या कड्यावरचे दाते मोजावेत. पुढे कोणी मुलाने विचारले तर त्याला सांगावे की हा सुरू आहे. हा दूरच्या बेटांवरून आला, याचे नाव इराणातून आले, याला आगगाडीच्या जळणासाठी लावले आणि नाताळला पाईन म्हटले. पण याची खरी पाने ही आहेत, आणि याच्या मुळांशी याला जगवणारे न दिसणारे सोबती आहेत. मूल कदाचित विचारील की मग आपल्या किनाऱ्याचे आपले झाड कोणते. त्या प्रश्नाचे उत्तर देताना बोट दाखवायला एखादी उंडी, एखादा भेंड गिरगाव ते वरळीच्या त्या नव्या जमिनीवर असावा, एवढ्यासाठी आपल्या नगरसेवकाकडे आणि उद्यान खात्याकडे आत्ताच लिहून मागणी करायला हवी. झाडे लावून झाल्यावर ती बदलणे फार अवघड असते.